वाचकांचे प्रश्न : फोटो लहान-मोठा करताना

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. मोबाइलवर झकास दिसणारा फोटो छापायला, चिकटवायला किंवा पाठवायला गेलं की फुटतो, चेपतो नाहीतर फॉर्मच्या दारातून परत येतो. काही पत्रं लांब होती, ती आम्ही छाटली आहेत.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी फोटो पाठवले. छापखान्यातून निरोप आला, ‘हे ७२ डीपीआयचे आहेत, ३०० चे पाठवा.’ पुतण्याने कॉम्प्युटरवर काहीतरी करून ३०० केले, तर फाइल होती तेवढीच राहिली. मग बदललं काय? – एक वाचक, सांगली

काहीच नाही. पुतण्याने पाकिटावरचा पत्ता बदलला, आतलं पत्र तेच राहिलं.

फोटोत खऱ्या अर्थाने असतात ते पिक्सेल. तुमच्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके. डीपीआय हा त्या फाइलमध्ये नोंदवलेला एक सुटा आकडा आहे : ‘छापताना एका इंचात इतके ठिपके बसवा.’ तिथे ७२ लिहिलं असेल तर कागदावरची रुंदी साडेपंचावन्न इंच निघते, ३०० लिहिलं तर १३.३ इंच. ठिपके दोन्हीकडे तेच. म्हणून छापखान्याला डीपीआय विचारत बसू नका. ‘हा फोटो पानावर किती इंच रुंद बसणार?’ एवढंच विचारा आणि त्या इंचांना ३०० ने गुणा. येईल तेवढे पिक्सेल फोटोत असले की काम झालं.

हे ३०० सुद्धा आकाशातून पडलेले नाहीत. आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईत शाईच्या बारीक ठिपक्यांची, इंचाला साधारण १५० ओळींची जाळी वापरतात आणि जाळीच्या दुप्पट पिक्सेल द्यावेत असा जुना संकेत आहे. वर्तमानपत्री कागदावर जाळी १०० च्या आसपास असते, तिथे २०० पुरतात. स्मरणिकेत एखादा फोटो २४० वर आला म्हणून अडवून धरण्याचं कारण नाही.

ए-४ पानभर फोटो हवा असेल तर चारी बाजूंनी कापणीसाठी ३ मिलिमीटर वाढीव धरा. म्हणजे २१६ × ३०३ मिलिमीटर, पिक्सेलमध्ये साधारण २५५० × ३५८०. कार्यकारिणीचे सव्वा इंची फोटो असतील तर ३७५ पिक्सेल रुंदी भागते; त्यासाठी कुणाला पुन्हा स्टुडिओत पिटाळू नका. खरी अडचण समूहफोटोची. बारा माणसांची रांग साडेसहा इंचांत बसवली की माणशी अर्धा इंच येतो आणि चेहरा जेमतेम पाव इंच. तिथे पिक्सेल वाढवूनही फायदा नाही, फोटोला पानावर जागाच जास्त द्यायला हवी.

फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइझ’ उघडलंत की ‘रीसॅम्पल’ची चौकट पाहा. तिथली खूण काढून आकडा बदललात तर फक्त नोंद बदलते. खूण ठेवून ७२ चे ३०० केलेत तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं, त्यांची संख्या सतरा पटींवर जाते, फाइल फुगते आणि तपशील मात्र रतीभरही वाढत नाही. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत : ‘प्रिंट साइझ’ नोंद बदलतं, ‘स्केल इमेज’ पिक्सेल बदलतं.

रंगांचं एक सांगून ठेवतो. छापखान्याने मागितल्याशिवाय स्वतः सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, करू नका. कोणत्या कागदावर कोणत्या शाईने छापायचं हे त्यांना ठाऊक असतं, रूपांतर त्यांनाच करू द्या. झगझगीत पोपटी आणि गडद निळा छपाईत थोडा उतरतोच, याची तयारी ठेवा.

दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. ३०० च्या हिशोबाने ३६,००० पिक्सेल रुंदी होते. एवढा फोटो आणायचा कुठून? – एक वाचक, बारामती

आणूच नका. तीनशेचा हिशोब हातात धरून वाचायच्या कागदाचा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखता येतो. त्यावरून सोपं सूत्र निघतं : ३४०० ला पाहण्याच्या अंतराने (इंचांत) भागा. एका फुटावरून २८३ येतात, म्हणजे आपले तीनशेच. पाच फुटांवरून ५७. रस्त्यापलीकडून, पंधरा फुटांवरून १९.

फ्लेक्ससाठी ७२ म्हणजे चैन. त्या हिशोबाने तुमची फाइल ८६४० × ४३२० होते. चौकात उंचावर लागणार असेल तर ४० सुद्धा चालतात, म्हणजे ४८०० × २४००. अपवाद सेल्फी पॉइंटचा. लोक त्याला खेटून उभे राहतात, तिथे शंभरच्या खाली जाऊ नका.

मग फ्लेक्सवर चेहरे फुटतात का? कारण पार्श्वभूमी भव्य असते आणि सत्कारमूर्तीचा फोटो कुठल्याशा ग्रुपच्या डीपीवरून उचललेला असतो. हिशोब करून पाहा. ३०० पिक्सेल उंचीचा चेहरा चार फुटांवर ताणला की एकेक पिक्सेल ४ मिलिमीटरचा चौकोन होतो. तूरडाळीच्या दाण्याएवढे चौकोन जोडून नाक-डोळे केल्यासारखं दिसतं. चार फुटी अर्धाकृतीला ४० च्या हिशोबाने १९२० पिक्सेल उंची लागते. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने, झूम न करता, सावलीत काढलेला कुठलाही ताजा फोटो तेवढा देतो. माणूस गावातच असेल तर पाच मिनिटांत नवा फोटो काढून आणणं हाच उपाय. तासभर शार्पन घासून काही हाती लागत नाही.

अक्षरं फोटोत मिसळून जेपीजी करू नका. ती कोरलड्रॉमध्ये व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी आखलेली, अशीच राहू द्या, मग दहा फुटांना ताणली तरी कड धारदार राहते. फाइल देताना फॉन्टचे कर्व्ह केलेत ना, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केल्यात ना, तेही पाहा. नाहीतर समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटी पडतात. आणि फ्रेमवर दुमडण्यासाठी कडेला किती इंच सोडायचे ते फ्लेक्सवाल्यालाच विचारा. ‘सौजन्य’ची ओळ बहुतेक वेळा याच दुमडीत जाते.

मुलीची पत्रिका ए-४ आकारात छान छापून झाली. तीच स्कॅन करून ग्रुपवर टाकली, तर बारीक अक्षरं पुसट आणि काही अनुस्वार गायब. एका पाहुण्यांनी फोन करून ठिकाण विचारलं. – एक वाचक, सोलापूर

अनुस्वार कुठे गेले ते मोजून सांगता येतं. ए-४ पान ३०० वर स्कॅन केलं की उंची ३५०८ पिक्सेल होते. ९ पॉइंटच्या अक्षराला त्यात साधारण ३७ पिक्सेल उंची मिळते आणि डोक्यावरच्या टिंबाला तीन-चार. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर आणतं. म्हणजे सगळं निम्म्याहून लहान. अक्षराला सतरा पिक्सेल उरले, टिंबाला दीड. दीड पिक्सेलचं टिंब म्हणजे एक करडा डाग, आणि तो जेपीजीच्या दाबणीत, म्हणजे फाइल हलकी करताना, शिरोरेषेत विरघळून जातो. रफार आणि ऱ्हस्व उकाराचंही तेच होतं. रोमन लिपीत टिंब हरवलं तरी शब्द कळतो. आपल्याकडे ‘कांदे’चे ‘कादे’ होतात.

दुसरं कारण रंगांचं. जेपीजी उजेड-काळोख पूर्ण बारकाईने साठवतं, पण रंगाचा तपशील बहुधा उभा-आडवा निम्माच ठेवतं. उजेडात फारसा फरक नसलेले दोन रंग शेजारी आले, जसं हिरव्यावर लाल, की अक्षराची कड शेवाळल्यासारखी दिसते. फिक्या क्रीम रंगावर गडद मरून अक्षर सगळ्यात चांगलं तगतं.

उपाय म्हणजे छापील पत्रिकेचा स्कॅन पाठवायचा नाही. मोबाइलसाठी वेगळं चित्र करून घ्या, १०८० × १९२०. मोबाइलचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर तीन मिलिमीटर उंचीचं, सुखाने वाचता येईल असं अक्षर हवं असेल तर या चित्रात त्याला ४५ पिक्सेल लागतात. चाळीसच्या खाली कुठलीही ओळ जाऊ देऊ नका. एवढ्या आकारात सगळा मजकूर मावणार नाही, मावायची गरजही नाही. पहिल्या चित्रात वधूवर, तिथी, वेळ आणि कार्यालय घ्या. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून निमंत्रकांच्या यादीपर्यंतचं सगळं दुसऱ्या चित्रात जाऊ द्या.

मूळ पत्रिकाच पोचवायची असेल तर ती पीडीएफ करून किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तशी ती जशीच्या तशी जाते. २०२३ मध्ये आलेला एचडीचा पर्यायही पिक्सेल जास्त राखतो, पण दाबणी त्यातही होतेच. पीएनजी करून साध्या पद्धतीने पाठवण्यात काही हशील नाही, जाताना त्याचं जेपीजी होतं. आणि स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट पुढे ढकलणाऱ्या काकांना कुणीतरी आवरा.

बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना फोटो ‘साइझ चुकीचा’ म्हणून परत येतो. लहान केला तर ‘२० केबीपेक्षा कमी’, मोठा केला तर ‘५० पेक्षा जास्त’. – एक वाचक, परभणी

फॉर्ममध्ये दोन वेगळ्या मापांची गल्लत होते. पिक्सेल म्हणजे चित्राची लांबी-रुंदी, केबी म्हणजे फाइलचं वजन. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांमध्ये फोटोसाठी २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी दिलेलं असतं. सहीसाठी १४० × ६० आणि १० ते २० केबी. तुमच्या जाहिरातीतले आकडे आधी वाचून घ्या.

क्रम असा ठेवा. आधी क्रॉप. पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, त्याचं प्रमाण २०० × २३० शी जुळत नाही. तसाच कोंबलात तर चेहरा आडवा पसरतो. त्यामुळे वर-खालून थोडं कापून प्रमाण जुळवा आणि मगच आकार बदला. विंडोजच्या पेंटमध्ये कंट्रोल दाबून डब्ल्यू दाबलं की खिडकी उघडते. तिथे टक्केवारी सोडून ‘पिक्सेल’ निवडा आणि रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारी खूण राहू द्या.

शेवटी वजन. पेंटमध्ये जेपीजीची क्वालिटी निवडता येत नाही, म्हणून जतन करायला इरफानव्ह्यू किंवा गिम्प घ्या. गिम्पमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘शो प्रिव्ह्यू’वर खूण केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना केबी किती होतात ते समोर दिसतं. फाइल विसाच्या खाली जात असेल तर क्वालिटी ९५ च्या वर न्या, पन्नासच्या वर जात असेल तर ८० कडे आणा. चाळीसच्या आसपास थांबलात की दोन्ही टोकांपासून सुरक्षित.

सहीला कोरा पांढरा कागद आणि काळं पेन घ्या. फोटो अगदी सरळ वरून काढा आणि सहीच्या कडेपर्यंत कापा. कागद पानभर आणि सही कोपऱ्यात असेल तर ६० पिक्सेल उंचीत ती मुंगीएवढी होते. कॅपिटल अक्षरातली सही तिथे चालत नाही.

फाइलच्या नावातलं पीएनजी खोडून जेपीजी लिहिल्याने प्रकार बदलत नाही. ‘सेव्ह ॲज’मधून प्रकार निवडूनच जतन करा. आणि फुकटात केबी कमी करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर फोटो, सही आणि अंगठा असा पूर्ण संच चढवू नका. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होणारं काम आहे.

येवल्याहून पैठण्या विकते. कॅमेऱ्यात काठ सुंदर दिसतो, इन्स्टाग्रामसाठी लहान केला की त्यावर लाटा-लाटा दिसतात. – एक वाचक

या लाटांना मॉयरे म्हणतात. काठावरच्या जरीच्या ओळी ठरावीक अंतराने येतात. फोटो लहान करताना एका ओळीला दोन पिक्सेलही उरले नाहीत की पिक्सेलची जाळी आणि विणीची जाळी एकमेकींना छेदतात आणि कापडावर नसलेली नक्षी उमटते.

आधी मूळ फोटो १०० टक्क्यांवर पाहा. लाटा तिथेच असतील तर त्या कॅमेऱ्यात आल्यात, लहान-मोठं करून जाणार नाहीत. फूटभर पुढे-मागे सरका किंवा साडी किंचित तिरकी धरून पुन्हा काढा. मूळ फोटो स्वच्छ असेल तर दोष लहान करण्याच्या पद्धतीत आहे. ‘निअरेस्ट नेबर’ निवडलेलं असेल तर ते मधले पिक्सेल सरळ टाकून देतं; त्याऐवजी बायक्युबिक किंवा लँक्झोस घ्या. तरीही लाट राहिली तर लहान करण्याआधी काठापुरता एक-दीड पिक्सेलचा गाउशियन ब्लर, म्हणजे हलका धूसरपणा, द्या. लहान झाल्यावर कडा धारदार करणारा अन्शार्प मास्क हलकेच, त्रिज्या ०.३ ते ०.५. आधी शार्पन आणि मग लहान, असा उलटा क्रम मात्र लाटा वाढवतो.

अपलोडची रुंदी बरोबर १०८० ठेवा, म्हणजे ॲपला पुन्हा लहान करायला काही उरत नाही. उभ्या पोस्टला १०८० × १३५० चालतं. २०२५ पासून प्रोफाइलच्या जाळीत चौकोनाऐवजी ३:४ प्रमाण दिसतं, म्हणून १०८० × १४४० आता जास्त सोयीचं. स्टोरीला १०८० × १९२०, पण वर-खाली अडीचशे पिक्सेलमध्ये किंमत लिहू नका, तिथे ॲपची बटणं येतात. जतन करताना रंग एसआरजीबीत, म्हणजे बहुतेक पडद्यांच्या सामाईक रंगपद्धतीत, घ्या. नाहीतर तुमच्या फोनवरचा राणी रंग गिऱ्हाइकाच्या फोनवर विटका दिसतो आणि पार्सल परत येतं.

कोकणात आमचं होमस्टे आहे. वेबसाइटवर खोल्यांचे बारा फोटो टाकले, पान उघडायला युगं लागतात. – एक वाचक, गुहागर

एकेक फोटो पाच-सहा एमबीचा तसाच चढवला असणार. बारांचे सत्तर एमबी, तेही घाटात एक दांडी रेंज असलेल्या पाहुण्याच्या मोबाइलवर.

पानावर फोटो ८०० पिक्सेल रुंद दिसत असेल तर दाट पडद्यांसाठी दुप्पट, म्हणजे १६०० पुरे. वेबपी हा वेबसाठीचा हलका फाइलप्रकार, क्वालिटी ७५ ते ८०, वजन दोनशे-तीनशे केबी. समुद्र-आकाशाचा फोटो याहून हलका होतो, माडांच्या झावळ्यांचा जड राहतो. त्यामुळे सगळ्यांना एकच केबी लावत बसू नका. साइट वर्डप्रेसवर असेल तर ते २५६० पेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करतं आणि बारीक आवृत्त्याही बनवतं, पण मूळ जड फाइल सर्व्हरवर जागा अडवून बसतेच. खालच्या फोटोंना ‘लेझी लोडिंग’ लावा, म्हणजे पान तिथवर सरकलं की मगच ते उतरतात. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र लावू नका, नाहीतर तोच सर्वांत उशिरा येतो.

काही फोटो साइटवर आडवे पडत असतील तर ते एक्झिफमुळे, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये जोडतो त्या नोंदीमुळे. कॅमेरा पिक्सेल न फिरवता ‘मला फिरवून दाखवा’ अशी चिठ्ठी ठेवतो आणि लहान करताना ती चिठ्ठी गळून जाते. फोटो आधी फिरवून जतन करा. त्याच नोंदीत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. होमस्टेला ते चालतील, घरच्या मुलांच्या फोटोत राहू देऊ नका.

आजोबांचा एकच फोटो आहे, पासपोर्ट आकाराचा, दाणेदार कागदावरचा. बारा बाय पंधरा इंचांची फ्रेम करायची आहे. – एक वाचक, फोंडा

१२०० वर स्कॅन करा, १६५० × २१२५ च्या जवळपास पिक्सेल मिळतील. बारा इंचांत त्यांचे इंचाला १३८ पडतात. भिंतीवरची फ्रेम दोन-तीन फुटांवरून पाहिली जाते, तेवढ्यात भागतं. स्कॅनरवर २४०० टाकून उपयोग नाही; कागदात जेवढा तपशील उतरलाय त्यापलीकडे फक्त कागदाचे तंतू मोठे दिसतात. निगेटिव्ह सापडली तर मात्र तीच स्कॅन करा, तिच्यात छापील प्रतीहून जास्त काही असतं.

दाण्यांचा त्रास स्कॅनरच्या एकाच बाजूने पडणाऱ्या उजेडामुळे होतो, प्रत्येक दाण्याला सावली पडते. फोटो भिंतीला सपाट टेकवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे लावून कॅमेऱ्याने काढला तर दाणे बरेच दबतात.

एआयने मोठं करून देणाऱ्या ॲपबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. भिंत, कोट, टोपी यांना ते ठीक आहे. चेहऱ्याच्या बाबतीत ते हरवलेला तपशील शोधत नाही, नवा बनवतं. डोळ्यांत चमक येते, पापण्या मोजता येतात आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘हे आपले नाहीत.’ चेहरा मूळ स्कॅनमधलाच ठेवा, थोडा मऊ दिसला तरी.

आयफोनचे फोटो छापखान्यात उघडतच नाहीत. – एक वाचक, ठाणे

ते एचईआयसी प्रकारात आहेत, २०१७ पासून आयफोन तसेच जतन करतो. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधीचे मॅकच्या प्रिव्ह्यूमधून एक्स्पोर्ट करून घ्या, क्वालिटीची पट्टी शेवटपर्यंत उजवीकडे.